पहिला घास हवेला

या शहरात संगणकयुग आणणाऱ्या महापुरुषांपैकी एकाच्या चरणांशी बसून मी विद्या संपादन केली आहे. त्यांनी ते युग आणलं तेव्हा मी जातीनं हजर होते. ते सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधलेलं होतं आणि त्याच्या एका बाजूला ‘काळा, नऊ नंबर’ असं छापलेलं होतं.

बुटांचं खोकं होतं ते. झाकणावर सरांनी शाईनं, पट्टी लावून, संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या लेथ मशीनची सगळी बटणं काढली होती. चालू करायचं हिरव्या पेन्सिलीनं, बंद करायचं लाल. वर एक खिडकी कापून आत कागदाची गुंडाळी बसवली होती. तो पडदा. संस्थेनं जाहिरातीत ‘अत्याधुनिक प्रशिक्षण’ असं लिहिलं होतं. आम्ही अकरा जण, म्हणजे दहा मुलगे आणि मी, सहा महिने त्या खोक्यावर बोटं आपटत होतो. खोकं दोनदा बदलावं लागलं. शेवटचं चपलांचं होतं, त्यामुळे बटणं जरा दाटीनं बसवली होती.

लेथ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धातूचा दांडा गरगर फिरतो आणि एक हत्यार त्याला ऊस सोलावा तसं सोलत जातं. पूर्वी ते हत्यार माणूस हातानं चाक फिरवून सरकवायचा. सरांनी ते सत्तावीस वर्षं सरकवलं होतं. नव्या मशीनला फक्त आकडे लिहून द्यायचे. ते स्वतःच सरकतं. एवढाच फरक. पण तो सांगताना सरांचा आवाज असा चढायचा, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत भांडण चाललंय.

सगळी गोम त्या आकड्यांत होती. पन्नास मिलिमीटर सांगायचे तर पन्नास लिहून पुढं एक टिंब द्यायचं. टिंब राहिलं तर मशीन पन्नास मायक्रॉन समजतं, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग. ज्याला केंद्रापासून लांब थांबायचं ते हत्यार मग थेट केंद्रावर जाऊन पडतं, वाटेत काय आहे ते न बघता. इतर ठिकाणी या टिंबाला पॉइंट म्हणत. आमचे सर नुक्ता म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी पैठणकडून आलेल्या दिगंबरच्या वहीवर बोट ठेवून विचारलं, “नुक्ता दिया?”

दिगंबर उभा राहिला. “नुकताच आलो सर. एस्टीच लेट व्हती.”

सरांनी वही मिटून त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, “मियाँ, तुम और मशीन, दोनों मेरेकू बराबर समझोगे. बैठो.”

वर्गात सगळेच मियाँ होते. दिगंबर मियाँ, मीही मियाँ. मुलगी म्हणून वेगळं संबोधन शोधायला त्यांना वेळ नव्हता, आणि मला ते फार आवडायचं. बाकी जगात त्या काळी मला रोज कुणीतरी आठवण करून देत होतं, की मी मुलगी आहे आणि कारखान्यात बायका पॅकिंगला असतात.

त्यांच्या या टिंबामागं मोठा इतिहास होता. सरांचे वडील निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत कातिब होते, उर्दू दस्त लिहिणारे. पोलिस अ‍ॅक्शन झाली, कचेरीची भाषा हळूहळू मराठी झाली, आणि पंचेचाळिशीचा तो माणूस आपल्याच मुलाची पहिलीची अंकलिपी घेऊन अ-अननस गिरवायला बसला. उर्दूत नुक्ता वर दिला तर खुदा होतो आणि खाली दिला तर जुदा; एका टिंबानं देव लांब जातो, असं ते मुलाला सांगत. मुलगा कातिब झाला नाही, लेथवरचा टर्नर झाला. पण मशीनचं पहिलं माहितीपुस्तक हाती आलं तेव्हा म्हणे त्यांनी ते बंद केलं, डोळ्याला लावलं आणि बायकोला म्हणाले, “अब्बा सही बोलते थे.”

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, सर व्हर्नियर ठेवत. हे जाडी मोजायचं पोलादी साधन. ते काढायला त्यांना कारण लागत नसे. औरंगपुऱ्यातल्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी ग्लासाची काच मोजली आणि मालकाला बोलावून सांगितलं, काच तीन मिलिमीटर जाड आहे, म्हणजे तू बाहेरून ग्लास दाखवतोस आणि आतून घोट देतोस. मालक म्हणाला, “चाचा, आप घर से नाप के पी के आया करो.” ईदेला आम्ही त्यांच्या घरी गेलो तर शीरखुर्मा समोर आणि हे शेवई मोजताहेत.

“पॉइंट सहा. पिछले साल पॉइंट पाँच थी.”

आतून त्यांच्या बेगम म्हणाल्या, “तो अगले साल तुमीच सेवई बट लेव. मेरेकू नक्को बोलो.”

त्यांनी व्हर्नियर खिशात ठेवलं. जगात एवढ्या एकाच ठिकाणी ते खिशात जाताना मी पाहिलं.

आमचा खरा वर्ग व्हरांड्यात भरे. सरांनी फरशीवर खडूनं दोन रेषा ओढल्या होत्या, एक आडवी, एक उभी. एकानं मधोमध उभं राहून गरगर फिरायचं, तो दांडा. दुसरा हत्यार. तिसऱ्यानं आपण लिहिलेले आकडे मोठ्यानं वाचायचे आणि हत्यारानं त्याप्रमाणं चालायचं, एक पाऊल म्हणजे दहा मिलिमीटर. पलीकडच्या टायपिंगच्या वर्गातल्या मुली खिडकीत गर्दी करत. आम्हाला लाज वाटायला हवी होती, पण आम्हाला वेळच नव्हता. आपण लिहिलेल्या आकड्यांवर एक जिवंत माणूस चालतोय, वळतोय, थांबतोय, हे बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. दहावीत मी भूमिती पाठ केली होती. इथं ती चालताना पाहिली.

एकदा दिगंबर स्वतःच हत्यार होता आणि स्वतःच लिहिलेलं ऐकून चालत होता. त्यानं ‘पन्नास’ लिहिलं, टिंब नव्हतं. तो पाच पावलं टाकणार तोच सरांनी हात वर केला. त्याच्या डोक्यावरचा एक केस उपटला, खिशातून व्हर्नियरपेक्षाही बारीक मोजणारं मायक्रोमीटर काढून मोजला.

“सत्तर मायक्रॉन. तुमने कितना लिखा? पचास. बालसे बी कम. सरको.”

दिगंबरनं अंग किंचित हलवलं.

“ज्यादा हुआ. वापस.”

मधे पाण्याची सुट्टी झाली. तो तिथंच.

“सर, किती येळ उभं राहू?”

“उभा कुठं आहेस? चलतोय ना तू. तेरे हिसाब से चल रहा.”

दिगंबर पुढं पुण्याकडं मोठ्या हुद्द्यावर गेला. अजून फोन केला की म्हणतो, “लई लांब चाललो ताई त्या दिवशी.”

सरांचा दुसरा नियम हवेचा. कुठलाही नवा आराखडा, म्हणजे मशीनला द्यायच्या आकड्यांच्या ओळी, पहिल्यांदा धातूवर चालवायचा नाही. मशीनला खोटंच सांगायचं, की दांडा आहे त्यापेक्षा शंभर मिलिमीटर अलीकडं आहे. मग ते बिचारं मोकळ्या हवेत मन लावून काम करतं आणि आपण चूक आहे का बघायचं. “पहिला घास हवेला,” ते म्हणत. घरोघरी पहिला घास गाईला काढतात, आपण हवेला. व्हरांड्यातसुद्धा आम्ही पहिली फेरी दांड्यावाचूनच करायचो, फिरणाऱ्या मुलाला बाजूला बसवून. मला तेव्हा तो शुद्ध वेडेपणा वाटे.

आणि मग खरं मशीन आलं.

ते ट्रेलरवर आलं आणि दारातून आत जाईना, म्हणून भिंत पाडली. सर भिंतीच्या ढिगाऱ्यावर उभे राहून खुणा करत होते, “आहिस्ता, आहिस्ता,” जणू लग्न लागून सून घरात येतेय. आम्ही अकरा जण श्वास रोखून. काच, हिरवट पडदा, आणि बटणं. सगळी बटणं जिथं खोक्यावर होती तिथंच होती. मी डोळे मिटून हात पुढं केला असता तरी हिरवं बटण सापडलं असतं.

पण हात पुढं करता आला नाही. संस्थेचे संचालक हे शब्दांवर प्रेम करणारे गृहस्थ होते. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते, त्यांची तारीख मिळत नव्हती, तोवर मशीनला कुणी शिवायचं नाही. मखमलीचं झाकण शिवून घेतलं. सरांनी विचारलं, पोरांनी शिकायचं कशावर? संचालक म्हणाले, “हे यंत्र केवळ हाताळण्यासाठी नाही, ते प्रेरणेसाठी आहे.” त्यामुळे पुढचे दोन महिने आम्ही मखमलीशेजारी बसून चपलांच्या खोक्यावर प्रेरणा घेतली.

माझ्याकडं तेवढी सवड नव्हती. वडिलांचं औरंगपुऱ्यात शालेय पुस्तकांचं दुकान. त्यांनी मला डी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज भरायला लावला होता आणि मुलाखतीचं पत्र आलं होतं, सोमवारचं. वडील वाईट नव्हते; ते म्हणाले, कारखान्यात खरंच घेत असतील तर पत्र फाडू, नाहीतर सोमवारी साडी नेसून चल. मला साडीचं वाईट वाटत नव्हतं. आयुष्यभर ‘क’ला काना ‘का’ शिकवायचं आणि ते मशीन दुसऱ्या कुणीतरी चालवायचं, याचं वाटत होतं. चितेगावच्या एका कारखान्यातले एक इंजिनियर उद्घाटनाला येणार होते, आमच्यातून एकाला घेणार होते. उद्घाटन शनिवारी. पाहुण्यांनी हिरवं बटण दाबायचं, मशीननं पितळेचा भवरा कातायचा. त्याचा आराखडा लिहायचं काम सरांनी मला दिलं.

“मुलगीच का?” संचालकांनी विचारलं.

“कौन मुलगी?” सर म्हणाले. त्यांना खरंच लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी मखमल निघाली. सगळी मापं पूर्ण मिलिमीटरमध्ये होती, प्रत्येक आकड्यामागं माझं टिंब ठामपणे बसलेलं. आधी हवेत, मग पितळेवर. हत्यार टेकलं आणि पिवळ्याजर्द बारीक चकत्या काचेवर पावसासारख्या तडतडल्या. मी ओरडले असेन. दिगंबर म्हणतो, ओरडलीस. भवरा गरम होता. तो मी एका हातातून दुसऱ्या हातात नाचवत होते आणि सर म्हणत होते, “नापो, नापो, नाचो मत.” संचालकांनी तो पाहुण्यांना भेट द्यायला मखमली डबीत घातला. मखमल उरली होती.

घोटाळा त्यानंतर झाला. संचालकांना माझ्या हातानं बटणं दाबून भरलेला आराखडा कमी दर्जाचा वाटला. त्यांनी तो कचेरीतून संस्थेच्या नावासह टाइप करून, फ्लॉपीवर घालून मागवला; एक प्रत काचेत मढवून भिंतीवर लावली. खाली माझं नाव. टाइप करणारे गृहस्थ बावीस वर्षं सरकारी मसुदे करून निवृत्त झालेले, शुद्धलेखनाच्या बाबतीत करारी. त्यांनी पाहिलं, की या पोरीनं वाक्य संपलेलं नसताना आकड्याआकड्यामागं पूर्णविराम दिलेत. त्यांनी ते सगळे काढून टाकले.

शनिवारी नारळ, समई, भाषणं. संचालक दोनदा ‘युगप्रवर्तक’ म्हणाले. फ्लॉपी आत गेली, पडद्यावर ओळी आल्या, आणि मी त्या वाचल्या नाहीत. मी छायाचित्रकाराकडं पाहत होते. तो मला जरा डावीकडं सरका म्हणाला होता.

पाहुण्यांनी बटण दाबलं. मशीन घुमलं, पाण्याची धार सुटली, हत्यार झपकन पुढं आलं, हवेत एका जागी थांबलं, थरथरलं, आणि काही क्षणांत सगळं शांत झालं. टाळ्यांचा कडकडाट. काय व्हायला हवं होतं हे कुणालाच माहीत नसल्यानं सगळे तृप्त होते. डबीतला भवरा पाहुण्यांना दिला. ते म्हणाले, “केवढी ही गती!”

नवी फ्लॉपी म्हणजे नवा आराखडा, म्हणून सरांनी कुणाला न सांगता दांडा शंभर मिलिमीटर अलीकडं आहे असं मशीनला सांगून ठेवलं होतं. नाहीतर त्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते मशीनचं नाक फुटलं असतं.

मंडळी पेढे-चिवड्याकडं वळली. चितेगावचे इंजिनियर वळले नाहीत. त्यांनी काचेतून आत पाहिलं. पितळेचा दांडा जसाच्या तसा.

“भवरा कुठून निघाला?”

“कालचा,” सर म्हणाले.

इंजिनियरांनी भिंतीवरची तसबीर वाचली. वरून खालपर्यंत. मग माझं नाव. “ही कोण?”

“मी.”

“एकसुद्धा पॉइंट नाही?”

दिगंबर मधे पडला. “साहेब, तिनं दिल्ते. हे टायपिंगवाल्या काकानं काढले.”

काका चिवड्याची बशी घेऊन जवळच होते. “एकोणीस ठिकाणी दुरुस्ती केली,” ते नम्रपणे म्हणाले. “आभार नकोत.”

“कुणी काढले ते मला नको,” इंजिनियर मला म्हणाले. “माझ्याकडं मशीनसमोर उभा असतो तो जबाबदार. पडद्यावर वाचलं होतंस?”

“नाही.”

सर माझ्या बाजूनं काहीतरी बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, “नहीं पढ़ी. फोटो खिंचवा रही थी.” मग स्टूल पुढं ओढून माझ्यासमोर ठेवलं. “अब पढ़, मियाँ.”

मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत टिंबं देत गेले. बोटांना रस्ता पाठ होता. एकोणीस झाली. मी थांबले.

“झालं? आता दांडा जागेवर घे आणि काप,” इंजिनियर घड्याळ बघत म्हणाले. “माझी गाडी उभी आहे.”

“आधी हवेत.”

“परत हवेत? अगं, पाहिलं ना एकदा. मला वेळ नाही.”

नोकरी त्यांच्या हातात होती, सोमवार एका दिवसावर. मी सरांकडं पाहिलं. ते व्हर्नियर पुसत होते, जणू आम्ही दोघं त्यांच्या ओळखीचे नाही.

“तुम्ही गेलात तरी मी आधी हवेतच चालवणार,” मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

बटण दाबलं. हत्यार हवेत भवऱ्याची पाठ फिरलं, कंबर फिरलं, टोकाशी आलं. आता बाहेर निघायचं. ते बाहेर निघालं नाही. वीज पडावी तसं आत घुसलं आणि हवेतल्या भवऱ्याचे दोन तुकडे करून थांबलं.

शेवटून दुसऱ्या ओळीत एक टिंब राहिलं होतं. मी काकांच्या एकोणिसावर विश्वास ठेवला होता.

“मग वीस असतील,” काका म्हणाले. “मोजणी माझं काम नव्हे.”

इंजिनियरांनी दुसरं स्टूल ओढलं, बसले आणि बाहेर निरोप पाठवला, की गाडी सावलीत लाव.

विसावं टिंब दिलं. पुन्हा हवेत. मग दांडा जागेवर. चकत्या काचेवर आल्या तेव्हा मला भोवतीचं काही दिसत नव्हतं, फक्त त्या पिवळ्या आगीत आकार घेणारा भवरा. मी लिहिलेलं, अक्षरशः शब्दाला जागत होतं. सरांनी भवरा स्वतः मोजला नाही. त्यांनी व्हर्नियर इंजिनियरांच्या हातात दिलं. त्यांचं व्हर्नियर दुसऱ्याच्या हातात आम्ही तेव्हा प्रथमच पाहिलं.

“चाळीस. बरोबर चाळीस,” इंजिनियर म्हणाले. भवरा उलटा करून पाहिला. “सोमवारी ये. सकाळी आठ. बायकांसाठी वेगळी खोली नाही आमच्याकडं.”

“तिला कशाला लागते?” सर म्हणाले.

निघताना सरांनी मला थांबवलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ते शब्द शोधत होते. “देख, परसों से तेरे हाथ में मशीन है. अब्बा का कलम था, मेरा हँडल था, तेरे ये आकडे. मशीन कधी झूठ बोलत नाही, मियाँ. तूही बोलू नको.” मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वडिलांनी त्या संध्याकाळी डी.एड.चं पत्र खरंच फाडलं, चार समान तुकडे करून, आणि मी रात्रभर छताकडं बघत आकडे लिहीत राहिले.

सोमवारी आठला चितेगावला पोचले, तर कारखान्याचं मशीन अजून यायचं होतं. पहिले चार महिने मी स्टोअरमध्ये हातमोजे मोजत होते. डावे जास्त होते.